चाळीस लाखांची पाटी

गेल्या दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, घरच्या व्हॉट्सॲप गटावर माझ्या भाच्याने एक चित्र टाकले. डावीकडे ऑशविट्झच्या छळछावणीतल्या जुन्या पाटीचा फोटो, उजवीकडे नव्या पाटीचा. जुन्या पाटीवर बळींचा आकडा चाळीस लाख, नव्या पाटीवर सुमारे पंधरा लाख. खाली हिंदीत दोन ओळी होत्या. त्यांचा मतलब असा, की पंचवीस लाख माणसे अचानक जिवंत झाली काय? मग साठ लाखांतून पंचवीस वजा करा आणि शाळेत शिकवलेला इतिहास पुन्हा तपासा.

भाचा सुरतेला असतो, संगणकाचे काम करतो. मुलगा वाईट नाही. आजीला रोज रात्री फोन करतो, तिच्या गोळ्या संपायच्या आत घरी पोहोचवतो. चित्राखाली दोघातिघांनी अंगठे दाखवले, एका मेहुण्यांनी ‘विचार करण्यासारखे आहे’ असे लिहिले, आणि मी पेटलो. अठ्ठावीस वर्षे मी अहमदाबादच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवला आहे. मी लिहिले, ‘हे नाझींचे बोलणे आहे. लाज वाटायला हवी. आपल्या घरात हे चालणार नाही.’

थोड्या वेळाने त्याचे उत्तर आले. ‘मामा, आकडा चूक आहे की बरोबर, तेवढं सांगा.’

मला ते सांगता आले नाही. हत्याकांड घडले हे मला पक्के ठाऊक होते. पण पाटी का बदलली हे ठाऊक नव्हते. मी पुन्हा त्याच्या वयावर आणि वाचनावर काहीतरी कडू लिहिले. रात्री तो गटातून बाहेर पडला. सकाळी बहिणीचा फोन आला, ‘अरे, पोराला नाझी म्हणालास तू? सगळ्यांसमोर?’

माझ्या रागाला एक जुने कारण होते. अहमदाबादेत आमच्या शेजारी एक बेने इस्रायली कुटुंब राहायचे. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून अलिबाग-पेणकडे त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शेजारच्या मावशींचे आडनाव पेणच्या बाजूच्या एका गावावरून आलेले, शेवटी ‘कर’ असलेले. घरात मानपान असला की त्या पोहे, ओले खोबरे, गूळ आणि फळे घालून मलिदा करत, त्यावर एलियाहू हनबीचे नाव घेत आणि एक वाटी आमच्याकडे पाठवत. आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे.

सत्तरच्या दशकात मावशी इस्रायलला गेल्या. तिथून माझ्या आईला मराठीत पत्रे येत. त्यातल्या एका पत्रातले शब्द मला पाठ आहेत : ‘कारखान्यात माझ्या शेजारी एक पोलंडची बाई बसते. तिच्या हातावर नंबर गोंदलेला आहे. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. डबा मात्र आम्ही वाटून खातो.’ नाझींच्या छावण्यांपैकी कैद्यांच्या अंगावर क्रमांक गोंदवण्याची पद्धत फक्त ऑशविट्झमध्ये होती, हे मला पुढे शिकताना कळले.

मला नेहमी एका गोष्टीचे नवल वाटते. मावशींच्या त्या फुटलेल्या गलबताचा एकही कागद नाही. तरी ती गोष्ट ऐकून कोणी ‘पुरावा दाखवा’ म्हणत नाही. उलट ज्या हत्याकांडाचे कागद इमारतीच्या इमारती भरून आहेत, मारणाऱ्यांनी स्वतः टंकलिखित केलेले, सही-शिक्क्यांचे, त्याच्यावर मात्र माझा भाचा सुरतेत बसून शंका घेतो. ही शंका त्याच्यापर्यंत आली कुठून, हे शोधायचे मी ठरवले.

आधी पाटीचे बघू. त्या एका प्रश्नाचे नीट उत्तर मिळवायला मला तीन दिवस लागले. चित्र पुढे पाठवायला भाच्याला तीन सेकंद लागले असतील.

चाळीस लाख हा आकडा सोव्हिएत चौकशी आयोगाने १९४५मध्ये दिला. छावणीतल्या दहनभट्ट्यांची क्षमता धरून केलेला तो अंदाज होता, आणि तो फार फुगलेला होता. पोलंडमध्ये साम्यवादी राजवट होती तोवर तो पाटीवर राहिला. पण पाश्चात्त्य इतिहासकारांनी तो कधीच मानला नव्हता. गेराल्ड राइटलिंगर यांनी १९५३मध्येच ऑशविट्झमधल्या बळींचा अंदाज दहा लाखांच्या आत धरला होता. राउल हिलबर्ग यांच्या १९६१च्या ग्रंथात ऑशविट्झमध्ये मारलेल्या ज्यूंचा आकडा सुमारे दहा लाख आहे. राजवट गेल्यावर १९९०मध्ये जुन्या पाट्या काढल्या. छावणीच्या संग्रहालयातले इतिहासकार फ्रांचिशेक पिपर यांनी गाड्यांच्या नोंदींवरून हिशेब मांडला : सुमारे तेरा लाख माणसे तिथे आणली गेली, त्यांतली सुमारे अकरा लाख मेली, आणि त्यांत बहुसंख्य ज्यू होते.

साठ लाखांची बेरीज त्या पाटीवरून झालेलीच नव्हती. ती देशोदेशींच्या युद्धापूर्वीच्या आणि युद्धानंतरच्या लोकसंख्येवरून, हद्दपारीच्या याद्यांवरून आणि गोळ्या घालणाऱ्या पथकांच्या अहवालांवरून झाली. जो आकडा बेरजेत धरलाच नाही, तो वजा कसा करणार?

म्हणजे भाच्याच्या चित्रातल्या दोन्ही पाट्या खऱ्या होत्या. खोटी होती ती वजाबाकी. विरजणाला थोडे दही लागते तसा खोट्याला खऱ्याचा एक तुकडा लागतो, आणि ज्याने हे चित्र बनवले त्याला तो तुकडा कुठून घ्यावा हे चांगले माहीत होते.

या वजाबाकीचा धंदा जुना आहे. १९७८मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात ‘इन्स्टिट्यूट फॉर हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ नावाची संस्था निघाली. नाव एखाद्या विद्यापीठाच्या विभागासारखे, काम मात्र हत्याकांड झालेच नाही असे छापण्याचे. ऑशविट्झमध्ये वायूने ज्यूंना मारल्याचा पुरावा देणाऱ्यास पन्नास हजार डॉलर देऊ, अशी घोषणा तिने केली. मेल मर्मेलस्टाइन नावाच्या, ऑशविट्झमधून वाचलेल्या माणसाने आव्हान स्वीकारले. पैसे मिळेनात, तेव्हा तो कोर्टात गेला. १९८१मध्ये न्यायाधीशांनी सांगितले की १९४४च्या उन्हाळ्यात ऑशविट्झमध्ये ज्यूंना वायूने मारण्यात आले ही निर्विवाद वस्तुस्थिती आहे, तिला वेगळ्या पुराव्याची गरज नाही. १९८५मध्ये संस्थेला नव्वद हजार डॉलर द्यावे लागले आणि माफीही मागावी लागली.

एवढे होऊनही धंदा बंद पडला नाही. त्याची अडचण निराळीच होती. पत्रके छापायला पैसे लागतात, टपालाला पैसे लागतात, आणि कॅनडासारखा देश असे साहित्य सीमेवर अडवतो. यावर तोडगा निघाला तो टेलिफोनच्या तारेतून. १९८४च्या सुमारास लुई बीम या टेक्सासमधल्या कू क्लक्स क्लानच्या जुन्या पुढाऱ्याने ‘आर्यन नेशन्स’ या गटासाठी संगणकावर सूचनाफलक सुरू केले. घरी संगणक आणि मोडेम असेल त्याने एक नंबर फिरवायचा, की मजकूर पडद्यावर. सीमेवरचा अधिकारी गठ्ठा फोडून बघू शकतो, तारेतून जाणारा आवाज कसा अडवणार? इंटरनेट हा शब्दही सामान्य माणसाने ऐकला नव्हता, त्या काळातली ही गोष्ट. नवे साधन हाती येताच ते सर्वांत आधी ओळखणाऱ्यांत बहुधा ज्यांना जुन्या साधनांनी दारात उभे केले नाही ते लोक असतात.

पुढची पायरी यूजनेटची. १९७९-८०मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी ही व्यवस्था उभी केली. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, असा नकलत जायचा. तिला कोणी मालक नव्हता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हत्याकांड नाकारणारे तिथे पोहोचले आणि विद्यार्थ्यांच्या गप्पांत, अगदी संबंध नसलेल्या चर्चांतसुद्धा, तीच तीच पत्रके ओतू लागले. एकाच माणसाने शंभर ठिकाणी टाकले, तर वाचणाऱ्याला वाटायचे की शंभर माणसे हेच म्हणत आहेत.

इथे केन मॅकव्हे हा माणूस येतो. कॅनडाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबियात राहणारा. शिक्षणाने इतिहासकार नाही, ज्यूही नाही. ती पत्रके त्याच्या नजरेस पडली. त्याला राग आलाच असणार, पण त्याने केलेले काम रागाचे नव्हते. तो ग्रंथालयांतून खटल्यांची कागदपत्रे मिळवू लागला, टाइप करून संगणकावर चढवू लागला. पत्रकात एखादे अवतरण आले, की मूळ पान काढून दाखवायचे : इथे मधले वाक्य गाळले आहे, इथे तारीख बदलली आहे, हे पुस्तक असे म्हणतच नाही. त्याला जगभरचे स्वयंसेवक मिळाले. त्या संग्रहाला नाव पडले ‘निझकोर’. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ ‘आम्ही आठवण ठेवू’. १९९५मध्ये त्याच्या प्रांताने त्याला ‘ऑर्डर ऑफ ब्रिटिश कोलंबिया’ हा सन्मान दिला.

निझकोरच्या कामातला एक भाग मी बराच वेळ वाचत बसलो. हत्याकांड नाकारणाऱ्यांची सहासष्ट प्रश्नोत्तरांची एक पुस्तिका होती. निझकोरने ती जशीच्या तशी घेतली. आधी त्यांचा प्रश्न, मग त्यांचे उत्तर, मग त्याखाली निझकोरचे उत्तर, पुराव्यासह. विरोधकांच्या पानांचे पत्तेही दिले, म्हणजे वाचणाऱ्याने स्वतः जाऊन ताडून बघावे. मॅकव्हे बंदीच्या बाजूचा नव्हता.

उदाहरण म्हणून तिथला एक मुद्दा सांगतो. नाकारणारे म्हणतात, ‘कैद्यांच्या कपड्यांतल्या उवा मारायच्या खोल्यांच्या भिंतींत सायनाइडचे अंश जास्त सापडतात, माणसे मारल्याच्या म्हणतात त्या खोल्यांत कमी, मग माणसे कुठे मारली?’ ऐकायला बिनतोड वाटते. उत्तर असे की त्या वायूने माणूस लवकर मरतो, उवांना त्याच्या कितीतरी पट मात्रा आणि कित्येक तास लागतात. म्हणून उवांच्या खोलीत अंश जास्त सापडणे हेच अपेक्षित आहे. प्रश्न एका ओळीचा, उत्तराला रसायनशास्त्राचे पान लागते. सगळा खेळ या विषम हिशेबावर चालतो.

मग इतकी मेहनत कशासाठी? पत्रके लिहिणारा माणूस तर बदलणार नव्हताच. पण यूजनेटवर एक लिहिणारा असला, तर गुपचूप वाचणारे शेकडो असत. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा एखादा विद्यार्थी, ज्याने हा विषय पहिल्यांदाच पाहिला आहे. त्याला तिथल्या तिथे, त्याच पानावर, शिवी न खाता उत्तर मिळाले पाहिजे. निझकोरची रचना पाहून माझे मत झाले, की ती सारी उत्तरे खोटे बोलणाऱ्याच्या नावाने असली तरी लिहिलेली ऐकणाऱ्यासाठी होती.

दिवाळीतले माझे उत्तर आठवून मला इथेच ओशाळल्यासारखे झाले. माझा भाचा पत्रक लिहिणारा नव्हता. तो ऐकणारा होता, आणि मी त्याला लिहिणाऱ्याच्या जागी उभे केले.

बंदीचा प्रयोगही त्याच सुमारास झाला. एर्न्स्ट झुंडेल नावाचा जर्मन माणूस टोरांटोत राहून नाझींचे गोडवे गाणारे साहित्य छापत असे. त्याच्या नावाचे संकेतस्थळ कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर होते. जानेवारी १९९६मध्ये जर्मनीच्या दूरसंचार कंपनीने आपल्या ग्राहकांसाठी त्या सर्व्हरची वाटच बंद केली. त्यावर बसलेली, झुंडेलशी काही संबंध नसलेली इतर संकेतस्थळेही त्याबरोबर बंद झाली. याचा निषेध म्हणून अमेरिकेतल्या काही नामांकित विद्यापीठांच्या संगणकांवर झुंडेलच्या पानांच्या प्रतिकृती चढल्या. चढवणारे त्याचे चाहते नव्हते, त्याच्या विचारांची त्यांना किळसच होती. सरकारने आणि कंपन्यांनी वाचण्यावर पहारा ठेवू नये, एवढाच त्यांचा आग्रह. परिणाम असा, की एका अडगळीतल्या माणसाचा मजकूर विद्यापीठांच्या पत्त्यावर आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत जाऊन बसला. झुंडेलला पुढे २००५मध्ये कॅनडाने जर्मनीला पाठवले आणि २००७मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली.

या सगळ्यात इतिहासकारांनी काय केले? इथे दोन वाटा दिसतात. अमेरिकन इतिहासकार डेबोरा लिपस्टाट यांनी १९९३मध्ये या प्रचाराचा इतिहास लिहिला, पण नाकारणाऱ्यांशी एका व्यासपीठावर बसून वाद घालायला त्यांनी कायम नकार दिला. वाद घातला की दोन ‘बाजू’ आहेत असे दिसते, ही त्यांची भूमिका. मात्र डेव्हिड अर्व्हिंग या ब्रिटिश लेखकाने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि इंग्लंडच्या कायद्यानुसार आपले लिहिणे खरे होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येऊन पडली.

केंब्रिजचे रिचर्ड एव्हान्स आणि त्यांचे सहकारी अर्व्हिंगच्या पुस्तकांच्या तळटिपा तपासत बसले. एकेका तळटिपेचा माग काढून जर्मन दफ्तरखान्यातला मूळ कागद मिळवायचा आणि शेजारी ठेवून वाचायचा. चुका माणसाकडून होतात, पण प्रामाणिक माणसाच्या चुका दोन्ही दिशांना होतात. अर्व्हिंगच्या चुका दर वेळी हिटलरच्या फायद्याच्याच निघाल्या. ११ एप्रिल २००० रोजी न्यायमूर्ती चार्ल्स ग्रे यांनी तीनशेहून अधिक पानांचा निकाल दिला : अर्व्हिंग हत्याकांड नाकारतो, ज्यूद्वेष्टा आहे, आणि आपल्या विचारसरणीसाठी त्याने पुराव्यांची जाणूनबुजून मोडतोड केली आहे.

त्याच वर्षी लंडनच्या सरकारी दफ्तरखान्यात आणखी एक कागद सापडला. ११ जानेवारी १९४३ रोजी हेर्मान होफ्ले या एसएस अधिकाऱ्याने लुब्लिनहून सांकेतिक भाषेत पाठवलेली तार. ब्रिटिशांनी ती तेव्हाच हवेतून पकडून उकलली होती, पण तिच्यात छावण्यांची नुसती आद्याक्षरे असल्यामुळे अर्थ कोणाच्या लक्षात आला नाही. तिच्यात १९४२च्या अखेरपर्यंत चार छावण्यांत ‘आलेल्यांची’ एकूण संख्या आहे : १२,७४,१६६. नाझींचा सांख्यिकी अधिकारी कोर्हेर याने १९४३मध्ये केलेला अहवाल युद्धानंतर लगेच हाती आला होता. त्यातही पूर्व पोलंडमधल्या छावण्यांपुढे हाच आकडा आहे, शेवटच्या सहापर्यंत तोच. सत्तावन्न वर्षे एकमेकांपासून दूर पडलेले दोन कागद, दोन्ही मारणाऱ्यांचे. मी वर्गात हे शिकवले असते तर किती बरे झाले असते, असे मला आज वाटते. मी शिकवला तो ‘दुसऱ्या महायुद्धाची कारणे व परिणाम’, आठ गुणांसाठी. आकडा सांगितला, पण तो कसा काढतात हे कधी सांगितले नाही.

निकाल लागला, तार सापडली. आता प्रश्न मिटायला हवा होता. तोपर्यंत मात्र खेळाचे मैदान बदलले होते. डॉन ब्लॅक हा क्लानचा आणखी एक पुढारी. १९८१मध्ये भाडोत्री माणसे घेऊन कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका देशाचे सरकार उलथवायला निघाला आणि अमेरिकेतच पकडला गेला. तुरुंगात तो संगणक शिकला. १९९५मध्ये त्याने ‘स्टॉर्मफ्रंट’ हे संकेतस्थळ काढले. तिथे नुसती पत्रके नव्हती. तिथे वंशद्वेष्ट्यांना एकमेकांशी बोलता येत होते, स्वयंपाकापासून मुलांच्या शिक्षणापर्यंत. ज्याला आपल्या गावात हे बोलायला कोणी मिळत नव्हते, त्याला तिथे गोतावळा मिळाला.

डिसेंबर २०१६मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’ वृत्तसमूहाने दाखवून दिले, की गूगलवर ‘होलोकॉस्ट झाला होता का?’ असा प्रश्न इंग्रजीत टाकला तर सर्वांत वर स्टॉर्मफ्रंटचे पान येते, हत्याकांड न झाल्याची दहा कारणे सांगणारे. कोणी लाच दिली नव्हती. गंमत अशी, की ज्याला शंका नाही तो हा प्रश्न विचारतच नाही. विचारणारे थोडे, आणि तो प्रश्न त्याच शब्दांत लिहून ठेवणारी पाने त्याहून थोडी. इतिहासकार अशा मथळ्याचे पान लिहीत नाहीत, त्यामुळे ती जागा रिकामी होती. गूगलने नंतर आपली क्रमवारी बदलली.

ऑक्टोबर २०२०मध्ये फेसबुकने हत्याकांड नाकारणारा मजकूर काढायला सुरुवात केली. या बंदीचा उपयोग झाला की नाही? संयुक्त राष्ट्रसंघ आणि युनेस्को यांनी २०२२मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. टेलिग्रामवर, जिथे फारशी देखरेख नव्हती, तिथे या विषयावरच्या सार्वजनिक मजकुरापैकी जवळजवळ निम्मा सत्य नाकारणारा किंवा वाकवणारा निघाला. देखरेख असलेल्या फेसबुकवर हे प्रमाण बरेच कमी होते. म्हणजे बंदी अगदीच फुकट जात नाही. १९९६चा धडा खरा आहे, आणि हाही खरा आहे. दुकान रस्त्यावरून गल्लीत गेले की जाणूनबुजून येणारे गिऱ्हाईक गल्लीत जातेच. पण जाता जाता डोकावणारे कमी होतात. माझ्या भाच्यासारखे बहुतेक जण डोकावणारेच असतात.

जो गल्लीत जन्मला, त्याचे काय? डॉन ब्लॅक यांचे अपत्य डेरेक ब्लॅक. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास डेरेक यांनी स्टॉर्मफ्रंटसाठी मुलांचे पान तयार केले होते. २०१०मध्ये ते फ्लोरिडातल्या एका छोट्या महाविद्यालयात दाखल झाले. वर्षभरात तिथे त्यांची ओळख उघड झाली आणि बहुतेकांनी पाठ फिरवली. एका ज्यू विद्यार्थ्याने मात्र त्यांना शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या जेवणाला बोलावले. पहिल्या जेवणाला वंशवादाचा विषय निघाला नाही. जेवणे चालू राहिली. पुढे एक मैत्रीण त्यांच्याशी मुद्द्यांवर बोलू लागली, अभ्यास आणि आकडे पुढे ठेवू लागली. २०१३मध्ये डेरेक यांनी जाहीर पत्र लिहून ती विचारसरणी सोडली. नुसत्या जेवणाने हे झाले नसते, कारण त्यांना आपले आकडे खरे वाटत होते. नुसत्या आकड्यांनीही झाले नसते, कारण शत्रूचे आकडे कोण ऐकतो? आणि पाठ फिरवणाऱ्यांना मी दोष देणार नाही. ज्यांच्या जिवावर ही विचारसरणी उठलेली असते, त्यांनी तिच्या वारसाला जेवू घालावे हा हक्काने मागण्यासारखा सौजन्याचा भाग नव्हे.

मी वाचायचा थांबलो तेव्हा डिसेंबर संपत आला होता. उत्तरायणाला बहिणीचे सगळे कुटुंब दरवर्षी अहमदाबादला येते. या वेळी भाचा येणार नाही अशी मला धास्ती होती. तो आला. दुपारपर्यंत गच्चीवर पतंग उडवले, उंधियू खाल्ले, माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलला. ऊन उतरल्यावर मी त्याला म्हटले, ‘तू विचारलं होतंस ना, आकडा चूक की बरोबर. तेव्हा मला माहीत नव्हतं. आता सांगू?’

तो म्हणाला, ‘तुम्हाला माहीत नव्हतं?’

‘नव्हतं. म्हणून ओरडलो.’

तो पहिल्यांदा हसला. मी त्याला दोन्ही पाट्यांची कथा सांगितली, मोबाइलवर १९५३ आणि १९६१चे अंदाज दाखवले, होफ्लेच्या तारेतला आकडा दाखवला. त्याने मध्येच दोन-तीन अवघड प्रश्न विचारले. एकाचे उत्तर मला आले नाही, तसे मी सांगितले. मग मी आईच्या पेटीतले मावशींचे निळे पत्र आणले. त्याने ते दोनदा वाचले. त्याला मराठी वाचायला जरा वेळ लागतो. ‘डबा मात्र आम्ही वाटून खातो’ यावर त्याचे बोट थांबले होते.

पत्र घडी करत त्याने विचारले, ‘मग ही चित्रं बनवतं कोण, मामा?’ आपण चुकलो असे तो म्हणाला नाही. मीही म्हणवून घेतले नाही. अंधार पडेपर्यंत मी त्याला मोडेम, यूजनेट आणि झुंडेल सांगत होतो. खालून हाका येत होत्या.

घरच्या गटात तो परत आलेला नाही. बहीण म्हणते, येईल. परवा रात्री मात्र त्याचा मला एकट्याला निरोप आला. दुसऱ्याच एका इतिहासाविषयीची चित्रफीत, आपल्याच देशातल्या, अंगावर येणारे आकडे असलेली. खाली त्याने लिहिले होते, ‘मामा, हे खरं आहे का?’

माझा अंगठा सवयीने उत्तर लिहायला धावला. मग मी तो आवरला आणि लिहिले, ‘माहीत नाही. बघून सांगतो. दोन दिवस दे.’